नुसतं नाव

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास फोन वाजला, सेंगाचा नंबर होता, आणि पलीकडून नान्तोंगो म्हणाली, "आई." एवढंच झालं. सेंगा म्हणजे आमच्या बाबांची थोरली बहीण, आणि तिचा फोन आला की आधी तिला बोलू द्यायचं हे आमच्या घरातल्या प्रत्येक मुलीच्या अंगात मुरलेलं, म्हणून उचलल्यावर मी गप्पच होते. नान्तोंगो माझ्या बहिणीची, गोरेत्तीची मुलगी. सात वर्षांची. बोलायला लागल्यापासून ती मला "धाकटी आई" म्हणत आली आहे. आमच्याकडे आईच्या बहिणीला तेच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. त्या सकाळी "धाकटी" आलंच नाही. मला वाटलं आवाज तुटला असेल, शहरातल्या न्टिंडा भागातल्या आमच्या ऑफिसात नेटवर्क येतं-जातं. राहिलेला शब्द मागून येतोय का म्हणून मी फोन कानाला दाबून धरला. पलीकडे कोंबडी कुरकुरत होती, कुणीतरी पत्र्याच्या पिंपात पाणी ओतत होतं, आणि या दोहोंच्या अलीकडे, अगदी कानाशी, तिचा सर्दीने चोंदलेला श्वास. मी "हं" म्हणू शकले असते. "बोल गं" म्हणू शकले असते. मी काहीच म्हटलं नाही. मग फोन बंद झाला आणि पडद्यावर आकडा आला, एकोणीस सेकंद. मी फोन पालथा ठेवला आणि कामाला लागले.

मला काही वाटलं नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही, तक्रार म्हणूनही नाही. गेल्या मे महिन्यात गोरेत्ती गेली तेव्हापासून हे असंच आहे. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग दोन तास गाल आपला नसतो, आपण तो चावतो आणि रक्ताची चव आल्यावरच कळतं, तसं. ते उतरेल म्हणून मी जून पाहिला, जुलै पाहिला. पुरायच्या दिवशी गावी, म्पिगीला, सगळ्या बायका ऊर बडवून रडत होत्या आणि मी पाहुण्यांच्या खुर्च्या मोजत होते. कुणीतरी म्हणालं सुद्धा, तेओ भारी खंबीर. खंबीर कसली, भिंतही खंबीर असते. जेवत होते, झोपत होते, लोकांच्या विनोदांना वेळेवर हसत होते. फक्त कुणी काही विचारलं की उत्तर यायच्या जागेवरून काहीच यायचं नाही, आणि मला उशीर होतोय हे समोरच्याच्या तोंडावरून कळायचं.

माझं काम शेलचं. काळ्या पडद्यावर माणूस एक ओळ टाइप करतो आणि संगणक ती पाळतो. ती ओळ वाचून तिचा अर्थ लावणारा मधला जो प्रोग्राम, तो शेल. ओचेन आणि मी मिळून सहा वर्षं असा एक शेल लिहितो आहोत. त्याचं नाव लुग्या, म्हणजे अंगण. नाव मीच ठेवलं आणि आता पस्तावते आहे, कारण नावाप्रमाणे त्यात सगळं एकाच अंगणात पडलेलं असतं. शेलमध्ये माणूस आपल्या सोयीसाठी वस्तूंना नावं देतो. "जागा" म्हणजे अमुक फोल्डर, "तारीख" म्हणजे आजची तारीख. व्हेरिएबल म्हणतात त्यांना. तुम्ही एक "जागा" ठेवलीत, मग दुसऱ्या कुणी लिहिलेली फाइल मदतीला बोलावलीत आणि तिच्यातही एक "जागा" निघाली, की तुमची गेली. भांडण नाही, आवाज नाही. तुम्हाला वाटतं आपली आहे, आणि आत मुक्कामाला असतो दुसराच. तर या नावांना वेगवेगळी घरं बांधून द्यायची, हे माझ्याकडे आलं होतं. ओचेन त्याला नेमस्पेस म्हणतो. मला सुरुवातीला ते अगदी सोपं वाटलं होतं. जिथे नाव ऐकलं की माणसाचं कूळ कळतं, तिथली मी. आमच्यात प्रत्येक कुळाची नावं ठरलेली, दुसऱ्या कुळाने त्यांना हात लावायचा नाही. आईचं एक कूळ, मुलीचं दुसरं, कारण मुलगी बापाच्या कुळाची. मी म्हटलं, हेच तर आपण शेकडो वर्षं करत आलो.

पहिला नियम अर्ध्या दिवसात झाला: नुसतं नाव घेतलं तर आधी आपल्या घरात बघायचं, तिथे नसलं तर अंगणात. दुसराही झाला: लिहायचं ते आपल्याच घरात, अंगणातलं बदलायचं असेल तर तसं स्पष्ट म्हणायचं, घराचं नाव पुढे लावून. म्हणजे आत कुणी तेच नाव ठेवलं तरी बाहेरचं पुसलं जात नाही. ते फक्त झाकलं जातं, आणि आतलं घर मिटलं की पुन्हा दिसतं. तिसऱ्यापाशी मी तीन आठवडे बसून होते. नाव घेतलं, घरात नाही, अंगणात नाही, कुठेच नाही. मग? जुन्या सगळ्या शेलांची रीत अशी की गप्प बसायचं. त्या नावाच्या जागी रिकामं ठेवायचं आणि पुढे चालायचं. एका माणसाने "अमुक फोल्डरमधलं सगळं पुसून टाक" असं लिहिलं होतं, फोल्डरचं नाव व्हेरिएबलमध्ये होतं, आणि ते ठेवायलाच तो विसरला. शेलने नावाच्या जागी रिकामं घातलं. उरलं "सगळं पुसून टाक". त्याचा अकरा वर्षांचा पाऊसपाण्याचा हिशेब सकाळच्या चहाआधी गेला. त्याने आम्हाला लांबलचक पत्र लिहिलं होतं, त्यात एकही शिवी नव्हती, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

दुपारी सेंगाचा फोन आला, या वेळी स्वतः सेंगा. नातेतेला, गोरेत्तीच्याच घरी ती आठवडाभर ठाण मांडून होती, कारण शनिवारी मरण मोडायचं होतं. आमच्यात माणूस पुरला म्हणून मरण संपत नाही. काही महिन्यांनी सगळं कूळ जमतं आणि गेलेल्याच्या जागी दुसरं माणूस बसवतं. बाईच्या जागी बाई, तिच्याच कुळातली. अंगावर झाडाच्या सालीचं कापड, हातात सुरी आणि टोपली, आणि दारात उभं करून सगळ्यांना सांगतात, ही गोरेत्ती. पोरांना सांगतात, ही तुमची आई. तेव्हापासून गोरेत्ती मेली असं कुणी म्हणायचं नाही. ही वारस मी, असं सेंगाने जूनमध्येच ठरवलं होतं, आणि पाच महिने झाले तरी मी हो म्हटलं नव्हतं.

"आज संध्याकाळपर्यंत सांग," सेंगा म्हणाली. "उद्या मला कापड घ्यायला जायचंय, कुणाच्या उंचीचं घेऊ?"

मी म्हटलं, सेंगा, संध्याकाळी सांगते.

"तुला कुणी भावोजीला रांधून घालायला सांगत नाहीये. ते दिवस गेले. तो हात धुवायला तरी उठेल का नाही देव जाणे, पण ते त्याचं तो बघेल. तू बसायचंस, बस. बसायला असं काय लागतं गं?"

बसायला काय लागतं ते मला चांगलं माहीत होतं, कारण मी एकदा बसून झाले होते. मी सहा वर्षांची असताना नन्सच्या शाळेत गेले ती गोरेत्तीच्या जुन्या गणवेशात. कॉलरच्या आत आईने लाल धाग्याने तिचं नाव घातलं होतं. वर्गातल्या सिस्टरने पहिल्या दिवशी कॉलर उलटून वाचली, वहीत लिहिलं, आणि मी गोरेत्ती झाले. माझी जीभ उचलली नाही. हाक आली की मी ओ द्यायची. गोरेत्ती, फळा पूस. गोरेत्ती, छान. गोरेत्ती, हात पुढे कर. छड्या मला लागायच्या आणि प्रगतिपुस्तकावर नाव तिचं. अशी दोन सत्रं गेली. एकदा तर घरी मागीलदारी आईने "तेओ" म्हणून हाक मारली आणि मी वळून पाहिलं नाही, मला वाटलं दुसऱ्या कुणाला मारतेय. ते गोरेत्तीच्या ध्यानात आलं. ती अकरा वर्षांची होती. तिने त्या संध्याकाळी बाबांचं दाढीचं पातं आणलं, मला पायरीवर बसवलं, माझ्या अंगावरून गणवेश काढला आणि स्वतःचं नाव एक-एक टाका करून उसवलं. मग निळा धागा घेऊन तिथेच माझं नाव घातलं, वाकडंतिकडं. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर वर्गात आली आणि सिस्टरला म्हणाली, ही मी नव्हे. पण जुन्या टाक्यांची भोकं कापडात राहिली होती. उजेडाकडे धरलं की निळ्या नावामागे तिचं नाव दिसायचं. तो गणवेश विरेपर्यंत मी घातला.

पुढे तिने तोच धंदा केला. नातेतेला रस्त्याकडेच्या खोलीत मशीन टाकली, शाळांचे गणवेश शिवायची आणि कॉलरमध्ये नावं घालायची. एका वर्गात तीन मेरी असल्या तर एक लाल धाग्यातली, एक निळ्या, एक पिवळ्या. इस्पितळात शेवटच्या महिन्यात मी तिच्याजवळ बसून असायची, मांडीवर लॅपटॉप, खाली आमची घरून आणलेली गादी. तिची मूत्रपिंडं थकली होती, चेहरा सुजून गुळगुळीत झाला होता, आणि ती ओळखू येत नाही हे मी तिला कधी कळू दिलं नाही. तिने विचारलं, काय करत असतेस गं सारखी. मी सांगितलं, एकाच नावाच्या दोन वस्तू एकमेकींना पुसू नयेत अशी काहीतरी सोय. ती म्हणाली, "त्याला एवढं शिक्षण? मी धागा बदलते." आणि हसली, आणि हसताना तिला धाप लागली, आणि मी नर्सला बोलवायला उठले. नंतर ती अकरा दिवस होती. त्या अकरा दिवसांत ती आणखी काय काय बोलली ते मला आठवायला हवं. आठवतं ते एवढंच, आणि चादरीवरचा इस्पितळाचा शाईचा शिक्का.

म्हणून मला बसायचं नव्हतं. मी बसले की ती उठणार. सगळं कूळ टाळ्या वाजवून म्हणणार ही गोरेत्ती, आणि जिने स्वतःच्या हाताने मला तिच्या नावातून सोडवलं तिलाच मी झाकून टाकणार, तेही तिच्या पोरीसमोर. हे मी सेंगाला सांगितलं असतं तर तिने ऐकून घेतलं असतं. पण सांगायचं म्हणजे आतून काही यायला हवं होतं.

तीनच्या सुमारास ओचेन माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला. नवी आवृत्ती त्याच आठवड्यात बाहेर काढायची होती आणि तिसरा नियम अडला होता. ओचेन उत्तरेकडचा, लांगो जमातीचा. त्यांच्यात जुळ्यांतल्या पहिल्याला ओपिओ म्हणतात, दुसऱ्याला ओचेन, त्यामुळे कुठेही त्याने नाव सांगितलं की लोक विचारतात, ओपिओ कुठाय? ओपिओ लिराला मजेत आहे, मोबाइल दुरुस्त करतो, आणि ओचेनची चौकशी त्याच्याकडे कुणी करत नाही याचं ओचेनला जन्माचं दुःख. तो म्हणाला, हे बघ, गप्प बसणं वाईट हे मला मान्य आहे. पण पन्नास वर्षांची सवय आहे लोकांची. हजारो जणांच्या फायली त्या गप्प बसण्यावर चालल्यात. आपण अचानक ओरडायला लागलो तर सगळ्या एकदम बंद पडतील, आणि शिव्या मला खाव्या लागतील, कारण शिव्यांची पत्रं तू वाचत नाहीस.

मी म्हटलं, राहू दे गप्प.

त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. "अगं, तीन आठवडे तूच तर माझं डोकं खाल्लंस. तो पाऊसवाला, त्याचं पत्र, सगळं भिंतीवर चिकटवलंस. आणि आता म्हणे राहू दे?"

"राहू दे. रिकामं द्यायचं आणि पुढे जायचं."

"तब्येत बरी आहे ना तुझी?"

मी हो म्हटलं. तो माझ्या बाटलीतलं पाणी प्यायला आणि उठून गेला. मी दस्तऐवज उघडला आणि तिसऱ्या नियमाखाली लिहिलं: नाव सापडलं नाही तर उत्तर रिकामं, सूचना देऊ नये, काम चालू ठेवावं. वाचून पाहिलं. वाक्य नेटकं होतं. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी नाकतोडे विकत होतं, नोव्हेंबर असल्यामुळे सगळं शहर नाकतोड्यांमागे लागलेलं, तळलेल्या कांद्याचा आणि त्यांचा वास खिडकीतून येत होता. आमचं देवक नाकतोडा, म्हणून आम्ही ते खात नाही. लहानपणी तो वास आला की तोंडाला पाणी सुटायचं आणि त्याची लाज वाटायची. त्या दिवशी वास नुसता वास होता.

चारला पुन्हा सेंगा. मी अजून संध्याकाळ झाली नाही म्हणणार होते, तिने बोलू दिलं नाही.

"राहू दे मग," ती म्हणाली. आवाज रागावलेला नव्हता, थकलेला होता. "मसाक्याच्या ॲनेटला कळवलंय मी. ती येतेय उद्याच्या गाडीने."

ॲनेट आमच्या चुलत्याची मुलगी. नान्तोंगोने तिला आयुष्यात दोनदा पाहिलं असेल, दोन्ही वेळा कुणाच्या तरी मयताला.

"सेंगा, मी संध्याकाळी सांगणार होते."

"सकाळी पोरीने माझा फोन घेऊन तुला हाक मारली. तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस. फोन मला आणून देत म्हणाली, ती काहीच बोलली नाही."

"मी नाही म्हटलं नव्हतं."

"नाही म्हणायलासुद्धा तोंड उघडावं लागतं, तेओ. तू तेही उघडलं नाहीस. मग मी ते 'नाही'च धरलं. मी काय करायला हवं होतं?"

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा वाटलं, सुटले. खरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. शनिवारी मी मागे बायकांत बसेन, ॲनेट सालीच्या कापडात उभी राहील, दुपारी जेवून घरी येईन. मी उठून चहा केला. कपात आलं ठेचून घातलं, दूध घातलं, साखर घातली, आणि पाणी ओतायचं राहिलं. ते माझ्या लक्षात आलं नाही, मी कप घेऊन टेबलाशी आले आणि तोंडाला लावला. कपाच्या तळाशी बोटभर गार दूध आणि आलं. मी त्या कपात बघत उभी राहिले, आणि पडद्यावर मघाची ओळ तशीच उघडी होती. उत्तर रिकामं, सूचना देऊ नये, काम चालू ठेवावं. सकाळी कुणीतरी एक नाव घेतलं होतं. इकडून काहीच गेलं नाही. ते काहीच-नाही पुढच्या माणसाच्या हाती पडलं, त्याने ते खरं उत्तर मानलं आणि आपलं काम उरकलं: मसाक्याला निरोप गेला, उद्या ॲनेटच्या उंचीचं कापड येईल. कुणी चुकलं नव्हतं. ज्याने त्याने नियमाप्रमाणेच केलं होतं. मी पिशवी उचलली. ओचेनने विचारलं कुठे, मी म्हटलं नातेतेला, आणि खाली उतरून पहिल्या बोडावर, भाड्याच्या मोटारसायकलवर, बसले. तो पोरगेला बोडावाला गाड्यांच्या फटींतून अशी मोटारसायकल काढत होता की एरवी मी त्याचा खांदा धरून ओरडले असते. त्या दिवशी मी त्याच्या जॅकेटवरचं उडालेलं अक्षर वाचायचा प्रयत्न करत राहिले.

गोरेत्तीच्या शिवणाच्या खोलीला कुलूप होतं. काचेतून मशीन दिसली, तिच्यावर फुलाफुलांची चादर. घराच्या ओट्यावर चटई टाकून नान्तोंगो बसली होती, पुढे परात भरून नाकतोडे, बोटांना राख लावलेली. एकेकाचे पंख काढायची, मग पाय, आणि उरलेला वाटीत टाकायची. ती बापाच्या कुळाची, तिला चालतात. आत सेंगा केळी वाफवत होती, मी गुडघे टेकून तिला नमस्कार केला, तिने माझ्याकडे न बघता तो घेतला आणि म्हणाली, "बघ, माझ्याच डोळ्यांदेखत माझ्या देवकाचे पाय तोडतेय. तिच्या आईच्या राज्यात पण हेच. गोरेत्ती स्वैपाकघर सोडून जायची आणि नवरा तळत बसायचा." मी म्हटलं हो. मला बोलायचं होतं ते तिथे निघालं नाही. मी बाहेर येऊन नान्तोंगोसमोर चटईवर बसले. तिने सरकून जागा दिली, पण वर पाहिलं नाही. तोरणासारखे कपडे वाळत होते, त्यात तिचा शाळेचा गणवेश, आणि उलटलेल्या कॉलरमध्ये लाल धाग्यातलं तिचं नाव. ते टाके मी कुठेही ओळखले असते.

मी विचारलं, शाळेत नाही गेलीस? कान दुखत होता, ती म्हणाली. आता? आता नाही. आणखी तीन नाकतोडे वाटीत पडले. मी विचारलं, सकाळी फोन कर म्हणून सेंगाने सांगितलं होतं का. तिने नाही म्हणून मान हलवली. सेंगा पाणी भरत होती तेव्हा तिने हळूच फोन घेतला होता. सेंगाने तिला सांगून ठेवलं होतं की शनिवारपासून तुला पुन्हा आई असेल, तू हाक मारलीस की ती ओ देईल. तिला शनिवारपर्यंत थांबायचं नव्हतं. आधी एकदा करून बघायचं होतं.

"मी आई म्हटलं," ती म्हणाली. "तू काहीच नाही म्हटलंस."

"मी होते तिथे."

"मला कसं कळणार?" तिच्या आवाजात रुसवा नव्हता, ती खरंच विचारत होती. "म्पिगीला पण मी मारते हाक. तिला ठेवलं तिथे. तिथून पण काही येत नाही. मग मला वाटलं, तो शब्दच आता चालत नाही."

मी तिच्या बोटांकडे बघत होते. राखेने पांढरी झालेली बोटं, नखांत हिरवं. ती पुढचा नाकतोडा उचलत होती आणि मला कुठेतरी दुखलं. कुठे ते लगेच कळलं नाही. गालाला जीव येतो तसं, आधी मुंग्या, मग कळ, आणि मग मे महिन्यापासून चावून ठेवलेलं सगळं एकदम. चादरीवरचा शिक्का, सुजलेला हात, तिने हसताना घेतलेली धाप, आणि त्या अकरा दिवसांत ती सारखी पोरीचं नाव घ्यायची हेही. मी तोंडावर हात ठेवला. नान्तोंगोने आता वर पाहिलं आणि काळजीने राखेने माखलेली वाटी माझ्यापासून दूर सरकवली, माझा स्कर्ट खराब होऊ नये म्हणून. उद्या ऑफिसात जाऊन तिसरा नियम बदलायचा, ओचेन शिव्या खाईल, खाऊ दे, असं मनात आलं आणि गेलं.

"तो शब्द चालतो," मी म्हटलं. "तो तिचाच आहे. तिचाच राहील. पण तू मारलीस आणि तिकडून काही आलं नाही, तर ओ मी द्यायची. असं आपण ठरवू."

"शनिवारपासून?"

"आत्तापासून."

आत सेंगाची पळी पातेल्यात फिरत होती. पलीकडच्या घरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. नान्तोंगोने हातातल्या नाकतोड्याचे पंख काढले, एक पाय काढला, दुसरा काढला, त्याला वाटीत ठेवलं. मग माझ्याकडे न बघता, अंगणाकडे तोंड करून, अगदी हळू म्हणाली,

"आई."

"ओ," मी म्हटलं.

आत पळी थांबली. नान्तोंगोने नाक पुसलं, गालाला राख लागली, आणि परातीतला पुढचा नाकतोडा उचलत ती म्हणाली, "काही नाही. नुसतं बघितलं."